मालकाचे मत, नोकराचे मत



मला दिलेला विषय असा आहे की, 'श्रीमंत उद्योजक आपली राजकीय मते नोकरांवर लादतात, याचा इतिहास काय?' विषय ऐकल्यावर पहिल्यांदा मला आपल्या भाषेचीच गंमत वाटली. मराठीत 'मत' म्हणजे विचार आणि 'मत' म्हणजे पेटीत टाकायचे तेही. एकच शब्द. मालकाला मत असते म्हणजे विचार असतो, त्याला कोणाची हरकत नाही. तो हळूहळू नोकराच्या दुसऱ्या मताकडे सरकतो, तिथून भानगड सुरू होते. आज आपण या सरकण्याबद्दल बोलू या.

सुरुवात घरापासून करू. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि नागपुरात जुम्मा तलावाजवळ गिरणी बांधली. ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. तारीख मुद्दाम निवडलेली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले आणि गिरणीचे नाव पडले एम्प्रेस. आपण सगळे 'एम्प्रेस मिल, एम्प्रेस मिल' म्हणत लहानाचे मोठे झालो, पण हे नाव म्हणजे मालकाचे जाहीर राजकीय मत होते, हे कितीजणांच्या डोक्यात आले? पुढे ९ वर्षांनी, १८८६ साली, याच जमशेटजींनी मुंबईत कुर्ल्याला दुसरी गिरणी घेतली आणि तिचे नाव ठेवले स्वदेशी. सम्राज्ञीपासून स्वदेशीपर्यंत मालकाचा प्रवास झाला. दोन्ही वेळा आत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले नाही. विचारायचे कारणही नव्हते, कारण त्याला मतच नव्हते. ज्याच्या हातात मत नाही त्याच्यावर मतासाठी दबाव कशाला टाकायचा?

तेव्हा इतिहासातली पहिली गोष्ट अशी की, हा प्रश्न मताधिकाराबरोबर जन्माला आला. त्याच्या आधी मालकाला नुसता माणूस हवा होता. आणि तो माणूस ताब्यात ठेवायची यंत्रणा गिरणीत आधीपासून तयार होती. तिचे नाव जॉबर, कुठे मुकादम. भरती तो करायचा, गावाहून पोराला तोच आणायचा, पैसे उसने तोच द्यायचा, खोलीही बऱ्याचदा तोच बघून द्यायचा. आणि बदली कामगार? तो रोज भोंग्याच्या आधी फाटकाशी उभा राहायचा, आज काम मिळणार की नाही ते जॉबरच्या मानेच्या हालचालीवर ठरायचे. पुढे मताधिकार आल्यावर वेगळी यंत्रणा उभारायची गरजच पडली नाही. मालकाला तोंड उघडायचीही गरज नसते, हे लक्षात ठेवा.

आता आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांच्या मिलकडे वळतो. जॉन स्टुअर्ट मिल. (हशा) हो, नागपुरात वर्गात 'मिल' म्हटले की पोरांना आधी भोंगा आठवायचा. तर या मिलसाहेबांचे वडील जेम्स मिल गुप्त मतदानाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांचे मित्र जॉर्ज ग्रोट, ग्रीक इतिहासकार, १८३० च्या दशकात पार्लमेंटमध्ये दरवर्षी गुप्त मतदानाचा ठराव आणायचे आणि दरवर्षी हरायचे. त्या काळी इंग्लंडात मत उघडपणे तोंडी सांगावे लागे. कोणी कोणाला मत दिले याच्या वह्या छापून विकल्या जात. जमीनदार वही उघडून बघे, की आपल्या कुळाने काय केले.

धाकटा मिल तरुणपणी वडिलांच्याच बाजूचा होता. पण १८६१ च्या 'प्रातिनिधिक शासन' या ग्रंथात तो उलट बोलतो. तो म्हणतो, मत ही माझी खासगी मालमत्ता नाही, ती सार्वजनिक विश्वस्ताची जबाबदारी आहे. माझ्या मतावर दुसऱ्याचे जगणे अवलंबून आहे, तेव्हा ते मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिले पाहिजे. लपवून दिले तर माणूस स्वतःचा स्वार्थ बघेल. आणि जमीनदार-मालकांची सक्ती? ती आता कमी होत चालली आहे, पूर्वीसारखे मतदार परावलंबी राहिले नाहीत, असे त्याचे म्हणणे.

मी ३० वर्षे हे प्रकरण शिकवले. त्याच्या युक्तिवादात तर्काची चूक काढणे सोपे नाही. मत विश्वस्ताचे आहे हे मला आजही पटते. चूक तर्कात नाही, माहितीत आहे. त्याच सुमारास लँकेशायरच्या गिरणीगावांत काय चालले होते? १८६८ ची निवडणूक ही इंग्लंडमधली उघड मतदानाची शेवटची सार्वत्रिक निवडणूक. ब्लॅकबर्नसारख्या गावाच्या त्या वेळच्या मतनोंदी इतिहासकारांनी गल्लीगल्लीने तपासल्या. गिरणीभोवतीच्या गल्ल्या मालकाच्या पक्षाकडे झुकलेल्या दिसतात. गल्ली बदलली, दुसऱ्या मालकाची गिरणी आली, की पक्ष बदलतो. आणि त्या अभ्यासातली खरी अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हे सगळे धाकदपटशाने झालेले नव्हते. कितीतरी कामगारांना मालकाचा पक्ष तो आपला पक्ष, असे मनापासून वाटत होते. ज्या घरात राहतो ते त्याचे, मुले जातात ती शाळा त्याची, सहलीला नेतो तो. तिथे 'दबाव' कुठे संपतो आणि 'आपलेपणा' कुठे सुरू होतो? मिलला दिसत होता तो मतदार स्वतःच्या पायावर उभा होता. हा मतदार मालकाच्या खोलीत उभा होता.

त्याच १८६८ साली खुद्द मिल वेस्टमिन्स्टरमधून हरला. हरवणारे होते डब्ल्यू. एच. स्मिथ, रेल्वे स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल चालवणारे मोठे व्यापारी. १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. वर्षभरात मिल गेला. कायद्याने सगळे थांबले असे नाही, बरं का. १८९६ साली अमेरिकेत, गुप्त मतदान बऱ्याच राज्यांत आल्यानंतरही, 'ब्रायन निवडून आले तर उद्यापासून कामावर येऊ नका' असे कारखानदारांनी सांगितल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. मत दिसत नसेल, पण निकाल दिसतो ना!

आपल्याकडे या. कोणी म्हणेल, आपल्या मालकांनी कामगारांना खिशात घातले. मी म्हणतो, इतके सरळ नाही. १९५५-५६ ची मुंबई घ्या. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये, वेगळी ठेवावी, हे त्या शहरातल्या बड्या उद्योगपतींचे मत होते. पुरुषोत्तमदास ठाकूरदासांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे सिटिझन्स कमिटी होती, जे. आर. डी. टाटा तिच्यात होते, राज्य पुनर्रचना आयोगापुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले. आणि त्यांच्या गिरण्यांतला मराठी कामगार? २१ नोव्हेंबर १९५५ ला तो संपावर गेला, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ माणसे मेली. १९५७ ला मुंबईच्या गिरणगावातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत आपल्या नागपुरातून कामगारपुढारी ए. बी. बर्धन विधानसभेवर गेले, तेही अपक्ष. मालकांचे मत एका दिशेला आणि कामगारांचे दुसऱ्या, आणि कामगार जिंकले. का? कारण युनियन होती, वस्ती होती, भाषा होती. मालकाशिवाय उभे राहायला दुसरी जागा होती.

आपल्या बेझनबागेचे पहा. इंदोऱ्याच्या बाजूला एम्प्रेस मिलने कामगारांसाठी वस्ती वसवली. बेझनबाग हे नाव गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून. ब्लॅकबर्नच्या हिशोबाने ही वस्ती मालकाची व्हायला हवी. पण तो सगळा परिसर झाला आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. १९४२ च्या जुलैमध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली ती नागपुरात. घर मालकाने दिले, मन दिले नाही. याचे श्रेय मालकालाही थोडे द्यायला हरकत नाही, की त्याने घराच्या बदल्यात मन मागितले नाही.

आता जरा अडचणीचे उदाहरण. ऑगस्ट १९४२. अहमदाबादच्या कापडगिरण्या बंद पडल्या, त्या सुमारे साडेतीन महिने. मालक बहुतेक काँग्रेसच्या बाजूचे, मजूर महाजनही गांधींच्या वळणाचे. कामगार गावी निघून गेले. हा संप होता की मालकांच्या संमतीने झालेली टाळेबंदी? सभागृहातल्या बहुतेकांना 'चले जाव' आपला वाटतो, मलाही वाटतो. म्हणून विचारतो. एखाद्या साचेवाल्याला ते साडेतीन महिने मजुरी हवी असती आणि राजकारण नको असते, तर त्याने कोणाला सांगितले असते? मालकाचे मत आपल्याला पटणारे असले की दबाव आपल्याला दिसत नाही. यावर कोणी वाद घालणार असेल तर नंतर घाला, मी थांबणार आहे.

या सगळ्यावर नेमके बोट ठेवले बाबासाहेबांनी. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात. आपण मूलभूत हक्क लिहितो ते सरकारपासून संरक्षण म्हणून. बाबासाहेब विचारतात, ज्याला काम नाही त्याला या हक्कांची किंमत काय? उपाशी राहण्याची भीती, घर जाण्याची भीती, पोरांची शाळा सुटण्याची भीती, यापुढे माणूस आपले हक्क स्वतःहून खाली ठेवतो. सरकार बाजूला झाले म्हणजे स्वातंत्र्य आले असे नाही, ती जागा खासगी मालक घेतो. मिलला जे लंडनमध्ये दिसले नाही ते यांना मुंबईच्या चाळीत दिसले होते. दोघांना मी शेजारी शेजारी शिकवायला हवे होते. अभ्यासक्रमात मिल होता, बाबासाहेब तेव्हा तत्त्वज्ञानाच्या पेपरात नव्हते. हे आमचे पाप.

कायदा काय म्हणतो? मतदारावर गैरवाजवी दबाव हा १९२० पासून गुन्हा आहे, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो भ्रष्ट आचारही आहे. पण सिद्ध कोण करणार, साक्ष कोण देणार? महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार कायदा अनुचित प्रथांची लांबलचक यादी देतो. युनियनमध्ये गेलास तर काढीन अशी धमकी त्यात आहे. राजकीय मताबद्दल वेगळे कलम मला त्या यादीत सापडले नाही. आणि मास्तर तर कामगारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगून ठेवले आहे.

मास्तरांचे नाव निघाले म्हणून सांगतो. महाराष्ट्रात आजचा मालक गिरणीवाला नाही, तो शिक्षणसंस्थाचालक आहे. मी एका खासगी महाविद्यालयात होतो, नाव घेत नाही. पगार सरकारचा, पण नेमणूक, कायम करणे, गोपनीय अहवाल, सगळे संस्थेच्या हातात. अध्यक्ष निवडणुकीला उभे राहिले. स्टाफरूममध्ये कोणी भाषण केले नाही, धमकी दिली नाही. एका दुपारी शिपाई आला आणि टेबलावर मतदारयाद्यांचा गठ्ठा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवून गेला. प्रत्येकाच्या नावाने गल्ली लिहिलेली. मी तेव्हा कायम झालो नव्हतो, थोरली दुसरीत होती.

मी आठ दिवस चिठ्ठ्या वाटल्या. सकाळी वर्गात मिलचे 'ऑन लिबर्टी', संध्याकाळी चिठ्ठ्या. एका दारात माझाच विद्यार्थी उभा. बी.ए. भाग दोन. त्याने चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, "सर, तुम्हीपण?" मी म्हणालो, "अरे, नुसती चिठ्ठी देतोय. मत कुणालाही दे." हे वाक्य खरे होते, आणि ते म्हणताना मला स्वतःची लाज वाटत होती. मतपेटीपाशी मी काय केले ते सांगणार नाही, ते गुप्त आहे. (हशा) पण हसू नका, मुद्दा तोच आहे. माझे मत गुप्त राहिले. माझे पाय, माझा आवाज, 'प्राध्यापक' म्हणून गल्लीत असलेली माझी पत, हे सगळे अध्यक्षांनी वापरले. गुप्त मतदान एवढेच वाचवते. पेटीतले मत. तोंडावरचे मत वाचवायला त्याच्याजवळ काही नाही.

आणि पेटीतलेही किती वाचते? शेवटचा मुद्दा, अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. यंत्र आल्यापासून मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. एखाद्या कारखान्याची कॉलनी, एखाद्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांची वसाहत एकाच केंद्रात असेल, तर मालकाला कोणाचे मत कळत नाही, पण कॉलनीचे कळते. ब्लॅकबर्नच्या वहीत नावे होती, इथे गल्ली आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा १९९३ मध्ये नियम आला होता, की गरज पडल्यास अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजाव्यात, म्हणजे निवडणुकीनंतर सूड घेता येणार नाही. यंत्रांसाठी तेच काम करणारे टोटलायझर नावाचे जोडयंत्र निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने न्यायालयात विरोध केला. ते यंत्र अजून आलेले नाही. विरोधातला युक्तिवाद असा होता, की केंद्रनिहाय आकडे कळले तर कोणत्या भागात काम करायला हवे ते उमेदवाराला कळते. खरे आहे. कोणत्या भागात काम करायचे नाही, तेही कळते.

एवढे बोलून थांबतो. ज्यांना अहमदाबादवर वाद घालायचा होता त्यांनी आता हात वर करा.