शाळा पाहून बिऱ्हाड: लोणी भापकर परिसरातील शाळांच्या नोंदींचा इतिहास

मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड हलवणे ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जिरायती गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आहे. मोरगाव आणि बारामती यांच्या दरम्यान असलेले लोणी भापकर हे या पट्ट्यातील जुने गाव. मल्लिकार्जुनाचे मंदिर, त्यालगतची पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प पाहिले की गावाच्या जुन्या वैभवाची कल्पना येते. पण पाऊस बेभरवशाचा असल्याने शेतीचा भरवसा कधीच नव्हता. कुठे वस्ती करायची हे अशा मुलखात आधी पाणी आणि जमीन ठरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या जोडीला शाळा आली. शाळांची मोजणी मात्र त्याहून जुनी आहे. ती सुरू झाली सरकारच्या गरजेतून. पालकांच्या हाती ती फार उशिरा पडली.

पेशवाई संपल्यानंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या सरकारने 1824 मध्ये जिल्ह्याजिल्ह्याच्या कलेक्टरांकडून गावठी शाळांची माहिती मागवली. शाळा किती, मुले किती, पंतोजींना काय मिळते, असे प्रश्न त्यात होते. पुढे जुळवलेल्या आकड्यांनुसार इलाख्यात सुमारे 1700 शाळा आणि त्यांत सुमारे 35 हजार मुले होती. हे कागद विसाव्या शतकात शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केले, म्हणून आज ते अभ्यासता येतात. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या वाड्याच्या पडवीत भरे. मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी आणि हिशेब एवढा तिचा अभ्यासक्रम. पंतोजींचा निर्वाह पालकांच्या धान्यावर आणि पैशांवर चाले. त्यामुळे कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या घरातले मूल त्या पडवीपर्यंत क्वचितच पोचे, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

सरकारी शाळेचा पाया या मुलखात एका वेगळ्याच मोजणीवर उभा राहिला. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये जमीनमोजणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यात लागू केली. शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची आणि 30 वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा, अशी ती पद्धत होती. पुढे हीच ‘पाहणी’ सगळ्या दख्खनभर गेली. 1860 च्या दशकात या साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि 1869 च्या कायद्याने तो पक्का झाला. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांकडे आणि एक तृतीयांश शाळांकडे जाई. जिरायती शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच गावच्या शाळेचे पैसे येत होते.

शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. लोणी भापकरच्या शेजारचे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. तिथे 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. ज्या कागदावर अंगठा उठवला तो आपल्याला वाचता येत नाही, हे दुखणे त्या रोषाच्या मुळाशी होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके यावर बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शाळांचे आकडे प्रजेच्या बाजूने वाचण्याचा हा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल.

पुढे लोकल बोर्डांच्या काळात गावोगावच्या शाळांत नोंदवह्या नीट ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांतली सर्वांत बोलकी वही म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखल-खारीज नोंदवही. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण, शेरा अशा रकान्यांत मुलाचे सगळे शालेय आयुष्य मावते. ‘मागील शाळा’ आणि ‘सोडल्याचे कारण’ हे दोन रकाने ओळीने वाचत गेले, तर गावात कोण आले आणि गावातून कोण, कधी, कशासाठी गेले याचा पट उलगडतो. जनगणना दहा वर्षांतून एकदा माणसे मोजते. ही वही प्रत्येक जूनमध्ये गावाची हालचाल टिपते. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीतून उतरवून दिला जातो, आणि जातीच्या किंवा जन्माच्या पुराव्यासाठी आजही लोक जुन्या रजिस्टरचा उतारा काढायला गावच्या शाळेत येतात.

त्याच काळात कालव्याच्या पाण्यामुळे या परिसराचे दोन भाग पडले. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि 1892 मध्ये भाटघरचे धरण पुरे झाले. कालव्याखालच्या गावांत ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे सहकारी साखर कारखाने आले. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे जिरायतीच राहिली. बागायती पट्ट्यात पैसा, रस्ते आणि त्यांच्यामागून हायस्कुले आली. जिरायती गावातल्या मुलाची शाळा मात्र बहुधा चौथीला किंवा सातवीला, म्हणजे जुन्या व्हर्नाक्युलर फायनलपाशी, संपे. पुढे शिकायचे तर गाव सोडणे भाग होते. कोणी मामाच्या किंवा आत्याच्या घरी राही, कोणी वार लावून जेवे, कोणी बोर्डिंगात जाई. भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहाला शाळेइतकेच महत्त्व दिले, ते हीच अडचण ओळखून. ज्यांना जमे ते बारामतीत खोली घेत. आजी किंवा आई मुलांबरोबर राही आणि घरचा कर्ता पुरुष गावी शेत सांभाळी. आठवड्याच्या बाजाराला गावाहून पीठ, डाळ आणि भाकरी येत.

स्वातंत्र्यानंतर शाळा माणसांपाशी नेण्याचा विचार बळावला. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांकडे कारभार आला आणि 1 मे 1962 पासून तो जिल्हा परिषदांकडे गेला. त्याआधी 1957 मध्ये पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण झाले. गावच नव्हे, तर प्रत्येक वाडीवस्ती मोजून तिथून शाळा किती लांब आहे हे त्यात पाहिले गेले. मैलभराच्या आत शाळा असावी हे उद्दिष्ट होते. वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या जिरायती मुलखाला या मोजणीचा मोठा आधार झाला, कारण मूळ गावठाणात शाळा असली तरी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे मूल पावसाळ्यात तिथे पोचत नसे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतही गावनिहाय सोयींची यादी येऊ लागली. गावात सोय नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहाच्या दरम्यान आहे की दहाच्या पुढे, हे तिथे खुणेने दाखवलेले असते. ज्यांच्या लेखणीने या विचाराला देशभर वजन आले, ते जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव होते. परिसरातील सर्व थरांतली मुले ज्या एकाच शाळेत शिकतील अशा ‘शेजारशाळे’ची शिफारस या आयोगाने केली. ती अमलात आली नाही.

पालकांचे स्वतःचे मोजमाप मात्र वेगळे होते. सरकारी अहवाल त्यांच्यापर्यंत येत नसत. चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत कोणत्या शाळेची किती मुले आली, दहावीचा निकाल किती टक्के लागला, गुरुजी गावात राहतात की बसने येतात, आणि एस.टी. शाळेच्या वेळेला पोचते का, यांवरून शाळेची परीक्षा होई. ही माहिती बाजारात, लग्नात आणि जत्रेत पसरे. बारामतीत 1962 मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि ‘बारामतीला खोली घेणे’ हा जिरायती गावांतल्या कुटुंबांच्या आयुष्याचा एक टप्पाच बनला.

शाळानिहाय आकडे एकत्र करण्याची नवी व्यवस्था 1990 च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर आली. ती ‘डायस’ नावाने ओळखली जाई. 2012-13 पासून तिला ‘यू-डायस’ हे रूप मिळाले. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक मिळाला. पुणे जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो, तो महाराष्ट्राचा. त्यापुढचे 25 जिल्ह्याचे. मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. 30 सप्टेंबरच्या स्थितीनुसार इयत्तावार पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाणी आणि वीज यांची माहिती त्यात भरली जाऊ लागली. 2015 मध्ये राज्याने ‘सरल’ प्रणाली आणून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू केली. शाळेविषयीची जी माहिती मुख्याध्यापकांच्या कपाटात असे, ती आता कोणालाही फोनवर पाहता येते.

हे आकडे विश्वासाने वाचता येण्यासाठी एक कडू औषध घ्यावे लागले. पटावर शिक्षकांची पदे आणि अनुदान ठरत असल्याने काही शाळांत खोटी नावे चढवली जात. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि सुमारे 20 लाख नावे प्रत्यक्षात सापडली नाहीत. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून असतो तो आकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, हा त्यातला धडा होता.

यू-डायसचा कागद वाचताना नेमके काय पाहायचे, हेही समजून घ्यावे लागते. समजा, चार इयत्तांच्या शाळेचा पट 38 आहे आणि शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणून एका गुरुजींकडे एकाच वेळी दोन इयत्ता असणार, हे त्यातून कळते. तिसरी-चौथीचा पट पहिली-दुसरीपेक्षा सतत कमी दिसत असेल, तर मुले मध्येच दुसरीकडे जात असावीत, असा अंदाज बांधता येतो. शाळा चौथीला संपते की सातवीला, यावर कुटुंबाचा पुढचा निर्णय अवलंबून असतो. मुले खरोखर वाचू शकतात का, हे मात्र या कागदावर नसते. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून तेच तपासते, पण ती नमुना पाहणी असल्याने एखाद्या गावच्या शाळेविषयी काही सांगत नाही. दहावीचा शंभर टक्के निकालही शाळेत आलेल्या मुलांची घरची परिस्थिती सांगत नाही.

दरम्यान राहण्याचा पत्ता हीच शिक्षणाची किल्ली बनली. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवल्या. राज्यातील ऑनलाइन सोडतीत घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे की तीनच्या आत, हे पाहिले जाते, आणि त्यासाठी भाडेकरार किंवा रहिवासाचा अन्य पुरावा लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलले. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या 25 टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली, पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. खासगी शाळा बहुतेक शहरांत असल्याने या जागांचा लाभही तिथे राहणाऱ्यांनाच अधिक मिळतो.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक उघड आहे. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या काउंटी स्वतःच्या सार्वजनिक शाळा चालवतात, घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. 2002 च्या संघीय कायद्याने शाळांची गुणपत्रिका जाहीर करणे बंधनकारक झाले. फेअरफॅक्स, लाउडन किंवा माँटगोमेरी काउंटीत घर शोधणारी मराठी कुटुंबे आधी ही आकडेवारी पाहतात. बोस्टनच्या उपनगरांतील शाळांच्या हद्दीलगतच्या घरांवर सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी साधारण अडीच टक्के जास्त मोजायला तयार होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे चांगली शाळा अखेर ज्याला ते घर परवडते त्यालाच मिळते.

जिरायती गावात हीच गोष्ट घरांच्या किमतींऐवजी पटसंख्येत दिसते. ज्यांना परवडते ते बारामतीला जातात, पट घटतो, पद कमी होते, आणि उरलेल्या पालकांना शाळा अधिकच कमकुवत वाटू लागते. 2023 मध्ये राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळा होत्या आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. ऊसतोड मजुरांची आणि मेंढपाळांची मुले, ज्यांचे बिऱ्हाड दरवर्षी पोटासाठी हलते, त्यांना लांबच्या समूह शाळेपेक्षा वस्तीजवळची शाळा आणि हंगामी वसतिगृहच जास्त उपयोगी पडते.

उलट दिशेचे उदाहरणही पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेला गावकरी आणि शिक्षकांनी मिळून असे रूप दिले की तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. शिक्षण हक्क कायद्याने त्याची वाट मोकळी ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. दोन शतकांत शाळांचे आकडे कलेक्टरच्या दप्तरातून पालकाच्या हातात आले. त्यांचा उपयोग गाव सोडण्याचा निर्णय घेण्यासाठी होतो, तसाच गावातल्या शाळेत काय कमी आहे हे पुराव्यानिशी मांडण्यासाठीही होऊ शकतो. ज्या कुटुंबांना गाव सोडणे परवडत नाही, त्यांच्या मुलांसाठी हा दुसरा उपयोगच मोलाचा आहे.