किलिमांजारोचा तांडा: वाटाडे आणि भारवाहक यांच्या व्यवसायाचा इतिहास

टांझानियाच्या ईशान्य भागात, केनियाच्या सीमेलगत उभा असलेला किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा पर्वत आफ्रिका खंडातील सर्वांत उंच असून, त्याच्या नेहमीच्या वाटा चढण्यासाठी दोराचे कसब लागत नसल्यामुळे जगभरातून दरवर्षी हजारो माणसे तेथे येतात. ही चढाई पाच ते आठ दिवसांची असते, आणि तीत प्रत्येक पाहुण्यामागे तीन-चार स्थानिक माणसे तंबू, इंधन, शिधा आणि भांडीकुंडी डोक्यावर घेऊन चालतात. पाहुणा मुक्कामावरून निघाल्यानंतर तळ आवरून ती त्याला वाटेत मागे टाकतात आणि तो पुढच्या पडावावर पोहोचण्यापूर्वी तेथे तंबू उभे करून पाणी तापवून ठेवतात. या व्यवस्थेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आल्प्स पर्वतावर रूढ झालेल्या गिर्यारोहणात असावे असे सहज वाटते. परंतु आल्प्समध्ये एक-दोन पाहुणे आणि एक-दोन वाटाडे एवढाच मेळ असे. किलिमांजारोवरच्या जथ्याचा सांगाडा त्याहून वेगळा, अधिक जुना आणि पूर्व आफ्रिकेचाच आहे. तो झांझिबारच्या समोरील किनाऱ्यावरून हस्तिदंतासाठी आत जाणाऱ्या तांड्याचा सांगाडा आहे.

पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागात त्से-त्से माशीच्या दंशाने पसरणाऱ्या रोगामुळे बैल, घोडे, उंट तग धरत नसत, आणि त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल आत जाणारा सारा व्यापार माणसाच्या डोक्यावरून आणि खांद्यावरून चाले. अशा भारवाहकाला स्वाहिली भाषेत ‘म्पागाझी’ आणि त्याच्या अनेकवचनाला ‘वापागाझी’ म्हणत. ओझे मोजण्याचे माप ‘फ्रासिला’ हे होते. एक फ्रासिला म्हणजे सुमारे १६ किलो, आणि एका माणसाच्या वाट्याला साधारण दोन फ्रासिला येत. तांड्याच्या अग्रभागी निशाण घेऊन चालणाऱ्या वाटाड्याला ‘किरांगोझी’, तर माणसांवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाला ‘म्न्यापारा’ म्हणत, आणि रोजच्या शिध्याला ‘पोशो’. उन्हे चढण्यापूर्वी मजल मारून दुपारी तळ टाकायचा, वाटेतल्या राजांना ‘होंगो’ म्हणजे वाटकर द्यायचा, आणि मजुरी व कर या दोन्हींचा हिशेब कापडात व मण्यांत चुकवायचा, अशी या तांड्यांची शिस्त होती. त्या कापडांपैकी निळीत रंगवलेले ‘कानिकी’ भारतातून येई, तांड्यांना लागणारे भांडवल झांझिबारमधील कच्छी भाटिया आणि खोजा पेढ्यांकडून मिळे, आणि किनाऱ्यावर चांदीचा भारतीय रुपया चलनात होता. 

याच तांड्यांच्या वाटेने पहिला युरोपीय किलिमांजारोच्या पायथ्याशी गेला. चर्च मिशनरी सोसायटीचा जर्मन धर्मोपदेशक योहानेस रेबमान ११ मे १८४८ रोजी पर्वताच्या माथ्यावरचे पांढरे आवरण पाहून ते बर्फ असल्याचे ओळखू शकला, आणि त्याला तेथवर नेणारा बवाना खेरी हा स्वाहिली तांडेप्रमुख होता. रेबमानने पुढल्या वर्षी हे वृत्त छापल्यावर लंडनमधील भूगोलज्ञ डेस्बरो कूली याने विषुववृत्ताजवळ बर्फ असूच शकत नाही असे म्हणून ते वर्षानुवर्षे खोडून काढले. वस्तुतः पर्वताच्या उतारावरील माणसांना त्या पांढऱ्या पदार्थाची प्रत्यक्ष आणि दुःखद ओळख होती. रेबमाननेच नोंदवलेल्या एका कथेनुसार माचामेच्या रुंगुआ नावाच्या राजाने माथ्यावर चमकणारी वस्तू काय आहे हे पाहण्यासाठी आपली माणसे वर पाठवली, आणि त्यांतून परतलेल्या एकाच माणसाचे हातपाय थंडीने कायमचे वाकडे झाले होते. हिमदंशाचे इतके नेमके वर्णन कल्पनेतून येणे कठीण आहे. म्हणून या पर्वतावरील पहिल्या मोहिमेचा मान युरोपीयांकडून काढून त्या माणसांना देणे अधिक न्याय्य ठरेल.

रेबमानच्या कार्याशी महाराष्ट्राचा एक खरा धागा जोडलेला आहे, आणि मराठी वाचकाला तो फारसा ठाऊक नसतो. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या अनेक आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवले जाई, आणि त्यांपैकी काहींचे शिक्षण नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात होई. तेथे सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाई येथे रेबमानच्या मदतीला परत गेले. त्यांच्यानंतर गेलेल्यांना पूर्व आफ्रिकेत ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणूनच ओळखत, आणि दुभाषे व तांड्यांचे कारभारी म्हणून त्यांना मागणी असे. प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या तांड्यातील जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी होता.

पर्वतावर राहणारे चग्गा लोक मात्र दूरवर जाणारे भारवाहक नव्हते. ते शेतकरी होते. केळी, रताळी आणि नंतर कॉफी यांनी दाट भरलेल्या ‘किहांबा’ नावाच्या वडिलोपार्जित परसबागांतून त्यांची घरे असत, आणि जंगलातील झऱ्यांचे पाणी मैलोन्‌मैल खोदलेल्या पाटांतून त्या बागांपर्यंत आणलेले असे. प्रत्येक डोंगरसोंडेवर वेगळे राज्य होते, आणि राजाला ‘मांगी’ म्हणत. साऱ्या पर्वताला मिळून त्यांच्या भाषेत एक नाव नव्हते, पण किबो आणि मावेन्झी या दोन शिखरांना होते. त्यांच्या लोककथेत मावेन्झीच्या घरचा विस्तव पुनःपुन्हा विझतो, तो शेजारच्या किबोकडे निखारे मागायला जातो, आणि शेवटी वैतागलेला किबो त्याला मुसळाने बडवतो. मावेन्झीचे आजचे तुटके, दातेरी रूप त्या माराचे म्हणून सांगितले जाते. किबोवर चढण्याचे त्यांना एरवी काही कारण नव्हते. ते कारण बाहेरून आले.

१८६१ आणि १८६२ मध्ये क्लाउस फॉन डेर डेकेन या जर्मन उमरावाने दोन प्रयत्न केले; त्याचे नाव पर्वतावरच्या उंच लोबेलियाच्या एका जातीला मिळाले आहे. १८७१ मध्ये चार्ल्स न्यू हा धर्मोपदेशक बर्फापर्यंत पोहोचला. अशा मोहिमांना एक मोठी अडचण येई. किनाऱ्यावरून आणलेले भारवाहक उष्ण प्रदेशातील सुती वस्त्रांनिशी चार हजार मीटरवर टिकत नसत, आणि ते मागे फिरले की पाहुण्याकडे ना अन्न उरे ना सरपण. लायप्झिगचा प्रकाशक-भूगोलज्ञ हान्स मायर १८८७ मध्ये माथा न गाठताच परतला. १८८८ मध्ये तर तो किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध झालेल्या अबुशिरीच्या उठावात कैद झाला आणि १०,००० रुपयांची खंडणी भरल्यावरच सुटला.

१८८९ मध्ये त्याने जी युक्ती केली ती गिर्यारोहणाची नव्हती, पुरवठ्याची होती. मारांगुचा मांगी मारेआले याच्या मैत्रीचा आधार घेऊन त्याने तांड्याचा मोठा भाग पायथ्याशी ठेवला, वेगवेगळ्या उंचीवर तळ उभारले, आणि निवडक माणसांनी काही दिवसांच्या अंतराने खालून ताजे अन्न वर पोहोचवावे अशी सोय केली. पांगानीचा म्विनी अमानी हा माणूस वरच्या तळावर दिवसेंदिवस राहून पाणी, सरपण आणि स्वयंपाक पाहत होता. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात विवराच्या कडेपर्यंत जाऊन परतावे लागले तरी मायर आणि त्याचा ऑस्ट्रियन सोबती लुडविग पुर्टशेलर यांना गावापर्यंत उतरावे लागले नाही. विश्रांती घेऊन ते पुन्हा चढले आणि ६ ऑक्टोबर १८८९ रोजी माथ्यावर पोहोचले. त्या जागेला मायरने जर्मन सम्राटाचे नाव दिले. आजची बहुदिवसीय चढाई टप्प्याटप्प्याच्या तळांवर उभी आहे, आणि तिचा आराखडा या मोहिमेत प्रथम पूर्ण झालेला दिसतो.

या मोहिमेशी योहानी किन्याला लाउवो या चग्गा वाटाड्याचे नाव जोडले जाते. परंपरेने सांगितले जाते ते असे, की सक्तीचे रस्तेकाम चुकवताना हा तरुण पकडला गेला, मांगी मारेआलेच्या दरबारात उभा केला गेला, आणि शिक्षेऐवजी परक्या पाहुण्यांसोबत वर जाण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे सुमारे सत्तर वर्षे त्याने तेच काम केले. १९८९ मध्ये पहिल्या चढाईची शताब्दी साजरी होत असताना तो हयात होता, त्याचा गौरव झाला, त्याला घर मिळाले, आणि १९९६ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्याचे वय सव्वाशेच्या आसपास असल्याचे सांगितले गेले. मायरच्या ग्रंथात त्याचे नाव नाही, आणि सांगितलेले वयही विश्वासाची कसोटी पाहणारे आहे. तथापि एवढ्यावरून हा दावा निकालात काढणे घाईचे होईल, कारण त्या काळच्या प्रवासग्रंथांत ओझे वाहणाऱ्यांची नावे येत ती अपवाद म्हणून, आणि ग्रंथातील मौन हा कोणाच्या अनुपस्थितीचा पुरावा होऊ शकत नाही. लाउवो नेमक्या त्या दिवसांत वर होता की नंतरच्या मोहिमांत, हे अनिर्णित राहिले तरी मारांगुच्या पहिल्या पिढीतील वाटाड्यांचा तो प्रतिनिधी होता, यात शंका घेण्याचे कारण नाही.

जर्मन सत्तेने हा व्यवसाय दोन विरुद्ध दिशांनी घडवला. एकीकडे वेठबिगार, घरांवरचा कर आणि दहशत होती. १८९१ मध्ये किलिमांजारोच्या ठाण्यावर आलेला कार्ल पेटर्स याने दिलेल्या फाशीच्या शिक्षा इतक्या निर्घृण होत्या की जर्मनीतच गदारोळ होऊन १८९७ मध्ये त्याला बडतर्फ करावे लागले. १९०० मध्ये मोशीचा मांगी मेली यालाही फासावर चढवण्यात आले. दुसरीकडे टांगा बंदरातून निघालेला लोहमार्ग १९११ च्या सुमारास मोशीला पोहोचला, प्रवाशांची ये-जा सोपी झाली, आणि मारांगुच्या वाटेवर दोन निवारे बांधण्यात आले. त्यांपैकी एकाला बिस्मार्कचे आणि दुसऱ्याला त्याच पेटर्सचे नाव देण्यात आले.

पहिल्या महायुद्धात भारवाहनाची सर्वांत भीषण बाजू समोर आली. ब्रिटिश आणि जर्मन सैन्यांनी लाखो आफ्रिकी माणसांना ओझी वाहण्यासाठी जुंपले, आणि त्यांतील हजारो गोळीने नव्हे तर उपासमारीने, आमांशाने आणि थकव्याने मेली. ब्रिटिशांच्या ‘कॅरियर कोअर’ या दलाचे नाव दार-ए-सलामच्या कारियाकू आणि नैरोबीच्या कारिओकोर या वस्त्यांच्या नावांत आजही ऐकू येते, जरी तेथे भाजी घेणाऱ्या अनेकांना त्याचा उगम ठाऊक नसतो.

युद्धानंतर आलेल्या ब्रिटिश अमलात चढाई नियमित झाली. १९३२ मध्ये ४,७०० मीटरच्या वर किबो निवारा उभा राहिला, आणि मारांगुतील दोन हॉटेले वाटाडे, स्वयंपाकी, भारवाहक, घोंगड्या आणि शिधा यांसह चढाईची संपूर्ण व्यवस्था करू लागली. वाटाड्याचे काम मारांगुच्या काही घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. माथा गाठून उतरणाऱ्या पाहुण्याच्या टोपीला माळरानावरच्या न कोमेजणाऱ्या फुलांची वेणी बांधण्याची प्रथा त्या काळी होती. आज उद्यानात फुले तोडण्यास मनाई आहे. याच सुमारास चग्गा शेतकऱ्यांनी कॉफीच्या विक्रीसाठी १९३३ मध्ये आपला सहकारी संघ स्थापन केला, आणि त्यामुळे ज्याच्या किहांब्यात कॉफीची झाडे होती त्याला पर्वतावर ओझे वाहणे हा जोडधंदा होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. लोकसंख्या वाढून परसबागांचे तुकडे झाले आणि कॉफीचा भाव पडला, तेव्हा तोच जोडधंदा अनेकांच्या पोटाचा एकमेव आधार बनला.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या तरुण लष्करी अधिकाऱ्याने माथ्यावर नवा ध्वज आणि मशाल उभारली, आणि सम्राटाच्या नावाचे शिखर ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, या नावाने ओळखले जाऊ लागले. बिस्मार्क आणि पेटर्स यांच्या निवाऱ्यांना मांडारा आणि होरोंबो या चग्गा मांगींची नावे मिळाली. एका फासावर चढवणाऱ्याचे नाव पुसून तेथे त्याच मातीतील राजाचे नाव यावे, ही नामांतरे केवळ औपचारिक मानता येणार नाहीत. १९७३ मध्ये पर्वत राष्ट्रीय उद्यान घोषित झाला, १९७७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, १९८७ मध्ये त्याची जागतिक वारशात नोंद झाली, आणि १९९१ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय चढण्यास बंदी आली.

या बंदीने जुन्या तांड्याला कायद्याचे रूप दिले. आज माचामेच्या वाटेवर किंवा मारांगुच्या फाटकावर, सह्याद्रीत स्वतःची पिशवी स्वतः वाहून गड चढण्याची सवय असलेला आणि माथ्यावर फडकवायला भगवा बरोबर घेतलेला पुणे-मुंबईचा ट्रेकर उभा राहतो, तेव्हा त्याला आपले सामान दुसऱ्याच्या डोक्यावर जाताना पाहावे लागते. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच मिळत असल्याने वाटाडा सतत ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे बजावत असतो; भारवाहकाला मात्र ही सवलत नाही, कारण त्याला मुक्काम आधी गाठायचा असतो. तुटपुंजी मजुरी, बक्षिसीवरचे अवलंबित्व, अपुरे बूट आणि एकवेळचे जेवण या तक्रारी वाढल्यावर २००३ मध्ये भारवाहकांच्या साहाय्यासाठी एक प्रकल्प मोशीत सुरू झाला, जो उबदार कपडे उसने देतो आणि कंपन्या माणसांना कसे वागवतात यावर लक्ष ठेवतो.

उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका भारवाहकाने पाहुण्याचे व कंपनीचे मिळून २० किलोच वाहायचे असतात, त्याची स्वतःची पिशवी वेगळी. फाटकावर काटा टांगलेला असतो. रांगेतला प्रत्येक जण आपला बोजा त्याला अडकवतो, पहारेकरी आकडा पाहतो, आणि काटा पुढे गेला तर तिथेच दोऱ्या सोडून बटाटे किंवा गॅसची टाकी दुसऱ्याच्या ओझ्यात सरकवावी लागते. दोन फ्रासिलांवरून २० किलोंवर यायला या व्यवसायाला शंभराहून अधिक वर्षे लागली. वजन झाल्यावर तो माणूस फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवतो, दोघे जण बोजा उचलून वर देतात, आणि स्वतःला ‘वागुमु’, म्हणजे चिवट, म्हणवणारी ही माणसे पाहुण्यांची नोंदणी संपण्याआधीच ओल्या जंगलातल्या वाटेला लागलेली असतात.