बंदिस्त पाण्याचा फेरा



जालन्यांत राहणारा माझा पुतण्या सध्यां एका लहानशा कॅबिनेटांत स्वतःच्या हातानें संगणक जुळवीत आहे, आणि त्यांतील उष्णता नुसत्या पंख्यावर न सोंपवितां पाण्यानें वाहून न्यावयाची असा त्याचा निश्चय झाला आहे. हें ऐकून त्याची आजी, म्हणजे आमच्या मातोश्री, म्हणाल्या, "अरे, उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांत यंत्राला कसलें पाणी पाजतोस?" प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. १९७२ चा दुष्काळ या मुलुखानें सोसला आणि २०१२-१३ चाही सोसला. आजचें माझें भाषण हें मातोश्रींना दिलेलें, जरासें लांबलेलें उत्तर आहे.

त्यांच्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत एक रांजण आहे. वैशाखांत पारा चाळिशीच्या पलीकडे गेला तरी त्यांतील पाणी हवेहून गार राहतें. कारण मातीच्या अंगांतून पाझरलेला थोडा अंश वाफ होऊन उडतो आणि जातांना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. रांजणांतील पाणी स्वतःचा कांहीं भाग खर्चून गारवा विकत घेतें म्हणाना! वाळ्याचा पडदा आणि खिडकींतला कूलर यांचा व्यवहारही हाच.

दुसरा प्रकार वाहत्या पाण्याचा. जालन्याचा मोती तलाव जमशेदखानानें बांधला व तेथून जमिनीखालच्या नळांनीं शहरांतील हौदांत पाणी आणलें. छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं नहरींचा पाया घातला. तेथल्या पाणचक्कीच्या मोठ्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत आहे. डोक्यावर पाणी खेळत असल्यामुळें त्या दालनांत भर उन्हाळ्यांतही बरें वाटतें. या सर्व रचनांचा जीव उतारांत आहे. पाणी वरून येतें, काम करतें आणि पुढें निघून जातें.

तेंच पाणी पुन्हां पुन्हां फिरवावयाचें, हा तिसरा प्रकार. तो पाहण्यास दूर जावयास नको. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील पोलादाच्या कारखान्यांत तो रात्रंदिवस चालू असतो. इंडक्शन भट्टीभोंवतीं तांब्याच्या पोकळ नळीचें वेटोळें असतें. त्या नळीच्या अंगांतून प्रचंड वीजप्रवाह जातो आणि पोटांतून पाणी जातें. आंत सोळाशें अंशांच्या आसपास तापलेला रस असतो. पाणी थांबलें तर वेटोळें जळेल, नळी फुटून तें रसांत शिरलें तर स्फोट होईल. म्हणून क्षार काढलेलें पाणीच तेथें वापरतात, आणि वीज गेल्यास तें उतारानें चालावें यासाठीं उंचावर राखीव टाकी ठेवतात. जमशेदखानाचा उतार असा कारखान्यांत पुन्हां भेटतो!

संगणकाच्या इतिहासांत पाणी आलें, गेलें आणि परत आलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' यंत्रांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांतील प्रत्येक म्हणजे एक लहानशी शेगडीच. अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें साठीच्या दशकांतील आपल्या '३६०-९१' या यंत्रांत पाणी खेळविलें, व १९८० मध्यें जाहीर झालेल्या '३०८१' या यंत्रांत प्रत्येक चिपेवर बारीक दट्ट्या टेकवून तिची उष्णता पाण्याच्या थंड पाटीपर्यंत नेली. पुढें नव्वदीच्या दशकांत कमी तापणाऱ्या चिपा आल्या आणि पाणी मोठ्या यंत्रांतून बाहेर पडलें. नेमकें त्याच सुमारास हौशी मंडळींनीं तें घरांत घेतलें. मोटारींतील हीटरची जाळी आणि माशांच्या पेटींतला पंप, एवढ्या भांडवलावर! नंतर चिपा पुन्हां तापूं लागल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत २०१८ मध्यें बसविलेल्या 'प्रत्युष' महासंगणकांत कपाटांच्या मधोमध पाण्याच्या जाळ्या होत्या. मॉन्सूनचें भाकित करणारें यंत्र पाण्यानेंच थंड राहत असे.

आतां पुतण्याच्या आराखड्याकडे वळूं. पंप, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांवरील दोन तांब्याचे ठोकळे, रेडिएटर, एक टाकी आणि नळ्या, एवढा हा संसार. सारें पाणी अर्धा-पाऊण लिटर. पाण्याचा क्रम कसा लावावा, यावर त्यानें आठवडा घालविला होता. तो बहुतेक वायां गेला. मिनिटास चार लिटर पाणी फिरत असतां तीनशें वॉटची उष्णता त्याचें तापमान जेमतेम एक अंशानें वाढविते. तेव्हां आधीं प्रोसेसर कीं आधीं ग्राफिक्स कार्ड, यानें फारसें बिघडत नाहीं. टाकी मात्र पंपाच्या वर आणि लगेच आधीं हवी, नाहींतर पंप कोरडा पडेल. चढ-उताराची चिंताही नको; बंद फेऱ्यांत जितकें चढतें तितकेंच उतरतें, पंपास नळ्यांच्या घर्षणाशींच झगडावयाचें असतें.

खरी अडचण शेवटच्या टोंकास आहे. बंद नळींतलें पाणी उडत नाहीं, म्हणून तें कितीही फिरविलें तरी खोलींतील हवेहून गार होऊं शकत नाहीं. पुतण्याजवळचे आराखडे थंड देशांतले; तेथें खोली बावीस अंशांवर असते, आणि पाणी तिच्याहून दहा-बारा अंश वर धरतात. तोच हिशेब जालन्याच्या गच्चीखालच्या खोलींत मे महिन्यांत केला, तर पाणी बावन्न अंशांवर जातें. अशा पंपांची मर्यादा सामान्यतः साठ अंशांची असते, आणि त्याला आवडलेल्या चकचकीत कडक नळ्या त्याच सुमारास नरमूं लागतात. मीं त्याला काळ्या रबरी नळ्या घ्यावयास सांगितलें. त्याचें तोंड उतरलें, पण त्यानें ऐकलें. रेडिएटर तांब्या-पितळेचाच, तांबें आणि ॲल्युमिनियम एका पाण्यांत बुडविलीं कीं व्होल्टानें १८०० सालीं दाखविलेली विद्युत्‌घटाची क्रिया आपल्याच कॅबिनेटांत सुरू होते व ॲल्युमिनियम झिजतें. रेडिएटरास हवा बाहेरची मिळावी, कॅबिनेटाच्या आंतली तापलेली नव्हे. एवढ्यासाठीं त्यानें मोठें ग्राफिक्स कार्ड सोडून लहान घेतलें आणि वांचलेली जागा जाड रेडिएटरास दिली.

मातोश्रींना मीं सांगितलें कीं रांजण रोज पाणी मागतो, हें यंत्र वर्षांतून एकदां मागेल, तेंही तांब्याभर. त्यांचें समाधान झालें असें दिसलें नाहीं. "आणि गळलें तर?" त्यांनीं विचारलें. संगणकाची वीज बंद ठेवून, फक्त पंप स्वतंत्र विजेवर चोवीस तास चालवावयाचा, प्रत्येक सांध्याखालीं टिपकागद ठेवावयाचा, असा बेत ठरला आहे. त्या रात्रीं पहारा मातोश्रींनींच पत्करला आहे.