तळणीचा दीड इंची कॅमेरा

वऱ्हाडातील परतवाडा हे गाव इंग्रजी अमदानीत एलिचपूरची छावणी म्हणून ओळखले जाई. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावी २२ जानेवारी १८९८ रोजी, म्हणजे पौष अमावास्येच्या शनिवारी, भर दुपारी सूर्य जवळजवळ पुरा ग्रासला गेला. 'जवळजवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा त्या दिवशी कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाच्या बाजूस उतरला आणि सोलापूरकडील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्धेपलीकडील पुलगाव अशा मार्गाने ईशान्येस निघून गेला. परतवाडा या पट्ट्याच्या उत्तरेस, बाहेर राहिले. तेथे सूर्याची नखाएवढी कोर शिल्लक उरली. तळणी व परतवाडा यांत सरळ रेषेने अंतर सुमारे ९० किलोमीटर; पण एका ठिकाणी दुपारी ग्रह-तारे चमकले, आणि दुसऱ्या ठिकाणी ऊन केवळ फिके पडले. कारण ती नखाएवढी कोरदेखील सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाहून हजारो पट तेजस्वी असते, आणि तिच्या झगमगाटात ते मंडळ डोळ्यांना दिसत नाही व कॅमेऱ्यालाही सापडत नाही.

अंधुक प्रकाश टिपावयाचा, तर तो प्रखर प्रकाशापासून आणि इतर सर्व व्यत्ययांपासून वेगळा कसा करावयाचा, हाच रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेणाऱ्याचा पहिला व अखेरचा प्रश्न आहे. आज नवा कॅमेरा घेऊन अंधारात त्याची पारख करणाऱ्या तरुणापुढे जो प्रश्न उभा असतो, तोच त्या वर्षी तळणीच्या मैदानात एका विदुषीपुढे उभा होता. तिने तो कसा सोडविला, हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

वऱ्हाड त्या काळी नावाने निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा मुलूख होता. तळणी हे अमरावती जिल्ह्यात धामणगाव व पुलगाव यांच्या मधले, मुंबई-नागपूर लोहमार्गावरील लहानसे ठिकाण. खग्रासाचा मध्य तेथून जात होता आणि जड पेट्या आगगाडीने थेट तेथवर आणता येत होत्या. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची एक तुकडी म्हणून तेथे उतरली. ही संस्था १८९० साली स्थापन झालेली. हौशी अभ्यासकांना आणि स्त्रियांनाही तिचे दार उघडे होते. तुकडीत ग्रिनिच वेधशाळेचे एडवर्ड वॉल्टर मॉन्डर, त्यांच्या पत्नी ॲनी मॉन्डर आणि जॉन एव्हरशेड हे होते.

ॲनी मॉन्डर यांचे माहेरचे नाव ॲनी रसेल. आयर्लंडात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात राहून १८८९ साली गणिताची अवघड परीक्षा त्या मानाने उत्तीर्ण झाल्या. तथापि स्त्रियांना पदवी देण्याचा रिवाज त्या विद्यापीठात नसल्यामुळे पदवी मिळाली नाही. १८९१ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना अवघ्या ४ पौंडांवर गणनेचे काम त्यांनी पत्करले व सूर्यावरील डागांची छायाचित्रे घेऊन मोजण्यात त्या निष्णात झाल्या. १८९५ साली मॉन्डर यांच्याशी विवाह झाला आणि विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहू नये या नियमाप्रमाणे त्यांना ती जागा सोडावी लागली. पुढल्याच वर्षी नॉर्वेतील खग्रास पाहण्यासाठी हे दांपत्य गेले, तो ऐन वेळी ढग आड आले. अशा स्थितीत त्यांच्या जुन्या कॉलेजाने संशोधनासाठी काही रक्कम दिली. आकाशगंगेची छायाचित्रे घ्यावीत या हेतूने त्यांनी तीतून एक लहान कॅमेरा सिद्ध केला. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा दीड इंच होता. तोच कॅमेरा घेऊन त्या तळणीस आल्या.

मोठमोठ्या दुर्बिणींच्या जमान्यात दीड इंचाच्या भिंगाचा काय पाड, अशी शंका सहज येईल. तिचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. तारा हा दुर्बिणीतही बिंदूच दिसतो. म्हणून भिंग जितके मोठे, तितका त्याचा प्रकाश अधिक जमतो. आकाशगंगा, तेजोमेघ किंवा सूर्याचे प्रभामंडळ यांची गोष्ट निराळी. हे पदार्थ पसरलेले असतात. त्यांची प्रतिमा किती उजळ पडेल, हे भिंगाचा व्यास आणि केंद्रांतर यांच्या प्रमाणावर ठरते. लांब नळीत प्रतिमा मोठी होते, पण तोच प्रकाश अधिक जागेवर पसरून पातळ होतो. आखूड नळीत ती लहान राहते आणि दाट होते. कढईभर दूध परातीत ओतले तर त्याचा थर पातळ होतो, तसाच हा प्रकार होय.

याच ग्रहणात याची दुसरी बाजूही दिसून आली. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी ४० फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा उभारला होता. त्याचे भिंग ५ इंचांचे. त्यातून चंद्राचे काळे बिंब काचेवर सुमारे साडेचार इंच रुंद उमटे, आणि सूर्याच्या कडेजवळच्या ज्वाला व झोत यांचे बारकावे स्पष्ट दिसत. तो कॅमेरा त्या कामासाठीच होता. दूर पसरत जाणारे अंधुक टोक हा त्याचा विषय नव्हता. तो तळणीच्या दीड इंची भिंगाचा विषय होता.

आता ज्या काचेवर हा प्रकाश पडावयाचा, तिच्याकडे वळू. १८५१ पासून प्रचारात आलेली ओल्या कलोडिअनची काच ओली असेतोवरच काम देई. काही मिनिटांत ती वाळली की निकामी होई; त्यामुळे तासभर प्रकाश साठविणे अशक्य होते. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि १८७८ साली चार्ल्स बेनेट याने असे दाखविले की, हे मिश्रण बराच काळ उबेत ठेवले असता त्याची संवेदनक्षमता कित्येक पटींनी वाढते. या कोरड्या काचांमुळे आकाशाचे द्वार उघडले. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटे प्रकाश साठवून घेतले. १८८३ साली अँड्र्यू कॉमन यांच्या छायाचित्रात तर डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. डोळा क्षणाक्षणाचा हिशेब लगेच मिटवितो. काच मात्र जमाखर्चाची वही उघडी ठेवते.

पण या वहीतही खोट असते. संवेदनक्षमता वाढविण्यासाठी चांदीच्या क्षाराचे कण मोठे करावे लागतात, आणि कण मोठे झाले की चित्र भरड होते. उष्णतेने किंवा जुनेपणाने काचेवर न पडलेल्या प्रकाशाचीही काळिमा चढते. तिला धुके म्हणतात. शिवाय अत्यंत मंद प्रकाशात दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट नोंद होत नाही, हा काचेचा स्वभावदोष जर्मन ज्योतिषी कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १८९९ साली सुमारास गणिताने मांडला. म्हणून 'जलद काच' एवढ्याने कोणी शहाणा हुरळून जात नसे. ती घरी तपासून, हवामानाचा अंदाज घेऊन, किती वेळ उघडी ठेवावयाची ते आधी ठरवूनच ज्योतिषी बाहेर पडत.

तळणीस या ठरविण्याला फारच किंमत होती. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचे. काच घालणे, झाकण उघडणे, मोजणे, मिटणे, पुन्हा काच बदलणे हे सर्व तेवढ्यात उरकावयाचे. चुकलेली काच पुन्हा घेता येणार नव्हती, आणि नॉर्वेचा अनुभव ताजा होता. यावेळी आकाश निरभ्र राहिले. ॲनी मॉन्डर यांच्या काचांपैकी एकीवर सूर्यापासून निघून दूरवर गेलेली एक सरळ शलाका उमटली. लाखो मैल लांबीची ही शलाका तोवर छायाचित्रात उतरलेल्या सर्व शलाकांहून लांब होती. तळणीच्या त्याच मैदानात एव्हरशेड यांनी लोलक लावलेल्या कॅमेऱ्याने सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला, आणि जंबुपार भागात, हायड्रोजनच्या रेषा जेथे संपतात त्याच्या पलीकडे, सलग प्रकाशाचा पट्टा त्यांना आढळला. मानवी डोळा तेथवर पोहोचत नाही. निळ्या-जांभळ्या रंगास हळव्या असलेल्या त्या काळच्या काचेला मात्र तो दिसला. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेत येऊन १९११ पासून तिचे संचालक झाले.

या ग्रहणात एतद्देशीय प्रयत्नही मागे नव्हता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हे जेऊर येथे आपले साहित्य घेऊन गेले होते, व त्यांचा सविस्तर वृत्तान्त १९०२ साली प्रसिद्ध झाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वेधशाळेत २० इंचांची ग्रब बनावटीची दुर्बीण होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निष्ठेवर उभी असलेली संस्था त्याच्यामागे कशी ओस पडते, याचे हे उदाहरण मनास चटका लावणारे आहे.

तळणीच्या शलाकेला पुढे मोठा अर्थ प्राप्त झाला. १९०४ साली वॉल्टर मॉन्डर यांनी पृथ्वीवरील चुंबकीय वादळांचा पाठपुरावा करून असे प्रतिपादिले की, ही वादळे सुमारे २७ दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्यानंतर, पुन्हा येतात. तेव्हा सूर्यावरील ठरावीक जागांतून काही अरुंद प्रवाह निघत असले पाहिजेत. सूर्यापासून सरळ दूर जाणाऱ्या लांब शलाकेचे चित्र त्या कल्पनेस पोषक होते. १९५८ साली यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याची उपपत्ती मांडली आणि प्रभामंडळ अवकाशात सतत वाहत असते हे पुढे यानांनी प्रत्यक्ष मोजले. ॲनी मॉन्डर यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासदत्व मात्र १९१६ साली, त्या संस्थेने स्त्रियांना प्रवेश दिल्यावरच मिळाले.

आजच्या कॅमेऱ्यात काचेची जागा सिलिकॉनच्या चकतीने घेतली आहे. जुनी काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातील शंभरातला जेमतेम एखादा कण नोंदवी. चांगली चकती त्यांतले बहुतेक नोंदविते. परंतु कॅमेऱ्यावरील संवेदनक्षमतेचा आकडा वाढविला म्हणजे चकती अधिक प्रकाश गोळा करू लागते, हा समज खरा नव्हे. आकडा वाढल्याने जमलेल्या संकेताचे केवळ वर्धन होते. श्रोत्यांना हे रेडिओवरून चटकन उमगेल. दूरचे केंद्र क्षीण ऐकू येत असता आवाजाची कळ पिरगाळली तर गाणे मोठे होते आणि त्याबरोबर खरखरही मोठी होते. गाणे खरखरीपासून वेगळे व्हावयाचे, तर आकाशकंदच उंच बांधावा लागतो. कॅमेऱ्याचा आकाशकंद म्हणजे उघडे भिंग, पुरेसा वेळ आणि काळोखी जागा.

म्हणून नव्या कॅमेऱ्याची पारख आकड्यावरून करू नये. तो तिवईवर स्थिर ठेवून, भिंग व वेळ तेच राखून, निरनिराळ्या आकड्यांवर आकाशगंगेची चित्रे घ्यावीत. मग झाकण लावून तेवढाच वेळ एक काळे चित्र घ्यावे; त्यात जे ठिपके दिसतील ते आकाशाचे नसून कॅमेऱ्याचे आहेत. उन्हाळ्याच्या रात्री ते वाढतात, हिवाळ्यात कमी होतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने फार वेळ उघडा ठेवल्यास ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून थोड्या थोड्या वेळाची अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर जुळवितात. खरखर जागा बदलते, तारा बदलत नाही. जुळणीत तारा उजळतो आणि खरखर विरते.

असा प्रयोग करावयास परतवाड्यासारखी जागा क्वचितच सापडेल. गावाच्या दिव्यांतून घाटरस्त्याने वर चढले की, सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा आणि त्यापलीकडे मेळघाटचे अरण्य आहे. गावात घेतलेले चित्र व घाटावर घेतलेले चित्र शेजारी ठेवून पाहावे. आकडा तोच, वेळ तोच, कॅमेरा तोच; पण एकात दिव्यांचा लालसर उजेड आकाशगंगेस गिळतो, आणि दुसऱ्यात तिचे काळे-पांढरे पदर उलगडतात. १८९८ साली परतवाड्यास सूर्याची नखाएवढी कोर आड आली होती. आता गावांचे दिवे आड येतात. तळणीचा तो दीड इंची कॅमेरा मुळात ज्या आकाशगंगेसाठी घडविला होता, ती प्रत्येक अमावास्येच्या निरभ्र रात्री सातपुड्यावर उगवते. तिच्यासाठी कोणा ग्रहणाची वाट पाहावयास नको. दिव्यांपासून थोडे दूर जाण्याची आणि आधी नीट तपासणी करण्याची तयारी तेवढी हवी.