शॉर्ट फिल्म ऑनलाइन कुठे शोधायची आणि तिला खरी मदत कशी करायची?

मुंबईतल्या महोत्सवात शॉर्ट फिल्म पाहायची तर बाळापूरच्या प्रेक्षकाला आधी अकोला गाठावं लागतं आणि मग रात्रभराची रेल्वे. थिएटरमध्ये शॉर्ट फिल्म सहसा लागत नाही. त्यामुळे वऱ्हाडात तिचं थिएटर म्हणजे मोबाइल. तिथे फिल्म चालते की हरवते, हे बऱ्याच अंशी प्रेक्षकांच्या साध्या सवयींवर ठरतं.

शॉर्ट फिल्म कशाला म्हणतात?

ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म. स्वतंत्र फिल्ममागे मोठा स्टुडिओ नसतो. पैसे बहुतेकदा दिग्दर्शकाचे आणि त्याच्या मित्रांचेच असतात.

तिचं महत्त्व काय?

नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या शॉर्ट फिल्मला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर गटात पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'फँड्री' आणि 'सैराट' आले. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार या दोन्ही चित्रपटांत दिसला.

शोधायची कुठे?

• यूट्यूबवर नुसतं 'मराठी शॉर्ट फिल्म' टाकलं तर आधीच गाजलेल्या फिल्म वर येतात. सोबत 'वऱ्हाडी', 'अकोला', 'कापूस' असे शब्द टाका आणि फिल्टरमध्ये अपलोडची तारीख निवडा.
• 'पॉकेट फिल्म्स'सारखी चॅनेल आणि व्हिमिओचे 'स्टाफ पिक्स' पाहा.
• राष्ट्रीय पुरस्कारांच्या याद्या चाळा. सुयश शिंदे यांची 'मयत' आणि आदित्य जांभळे यांची 'खरवस' ही नावं तिथेच सापडतात.

फक्त ट्रेलरच का दिसतो?

काही महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. म्हणून दिग्दर्शक ती काही काळ खासगी ठेवतात. अशी लिंक तुमच्याकडे आली तर पुढे पाठवू नका.

पैसे न देता मदत कशी होते?

शेवटपर्यंत पाहून. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो (शॉर्ट्ससाठी निकष वेगळा आहे). १५ मिनिटांची फिल्म १६,००० जणांनी पूर्ण पाहिली की ४,००० तास होतात. प्रत्येकाने तिसऱ्याच मिनिटाला बंद केली, तर त्यासाठी ८०,००० प्रेक्षक लागतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल न पाठवता मूळ लिंक पाठवा. फाइल हजार जणांनी पाहिली तरी चॅनेलच्या खात्यात एक मिनिटही जमा होत नाही. कमेंटमध्ये 'छान' लिहिण्यापेक्षा कोणता प्रसंग आवडला ते लिहा, म्हणजे पुढच्या प्रेक्षकालाही फिल्म पाहावीशी वाटेल.

पैसे द्यायचे असतील तर?

'सुपर थँक्स'चं बटण असेल तर त्यातून दिलेल्या रकमेचा ७० टक्के वाटा चॅनेलला मिळतो. नव्या फिल्मसाठी वर्गणी मागितली जात असेल, तर आधी तीन गोष्टी तपासा: टीमचं जुनं काम, खर्चाचा तपशील आणि फिल्म झालीच नाही तर पैशांचं काय होणार. वर्गणीतून सिनेमा ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १९७६च्या 'मंथन'साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते.

गावात दाखवता येते का?

वाचनालयात किंवा कॉलेजात फिल्म दाखवायची असेल तर दिग्दर्शकाची लेखी परवानगी घ्या. चॅनेलच्या माहितीत बहुधा ईमेल असतो. परवानगी मिळाली तर दाखवल्यावर किती जण आले आणि काय म्हणाले, तेही त्यांना कळवा.