पिस्तूल बाहेर गेलं त्या दिवसापासून

३० एप्रिल १९९९. मिन्स्क शहरातला वोलोदार्स्की रस्त्यावरचा तुरुंग. मृत्युदंडाच्या कैद्यांना तेव्हा इथे ठेवत. त्यांना गोळी घालण्यासाठी ठेवलेलं, आवाज न करणारं पीबी पिस्तूल आज तुरुंगाबाहेर गेलं. आदेश गृहमंत्री यूरी सिवाकोव यांचा. तुरुंगप्रमुख ओलेग आल्काएव यांच्या वहीत त्याची नोंद झाली. जुलमी राजवटींनाही वह्या नीट ठेवायची खोड असते.

७ मे, दिवसभर. बेलारूसमध्ये दोन घड्याळं चालू आहेत. १९९४ च्या राज्यघटनेप्रमाणे अध्यक्ष लुकाशेन्को यांची मुदत २० जुलैला संपते. १९९६ च्या सार्वमताचा हवाला देऊन ते २००१ पर्यंत बसणार आहेत. विरोधकांनी पहिलं घड्याळ खरं मानून स्वतःच निवडणूक लावली आहे. कार्यकर्ते मतपेट्या घेऊन दारोदार फिरताहेत. त्यांचे उमेदवार, माजी पंतप्रधान मिखाईल चिगीर, मार्चअखेरपासून तुरुंगात. त्यांच्या प्रचारात यूरी झाखारेन्को आघाडीवर.

रात्री आठच्या सुमारास. झाखारेन्कोंचा घरी फोन: येतोच.

हा माणूस मूळचा पोलीस. गोमेल प्रांतातल्या वासिलेविचीचा, १९५२ चा जन्म. पायरीपायरीने चढत १९९४ मध्ये लुकाशेन्कोंच्या पहिल्याच सरकारात गृहमंत्री झाला. जेमतेम सव्वा वर्ष टिकला. ऑक्टोबर १९९५ मध्ये मंत्रिपद गेलं, पुढे जनरलचा हुद्दाही काढून घेतला. असे अधिकारी बहुधा पेन्शन घेऊन बागेत रमतात. हे युनायटेड सिव्हिक पार्टीत गेले आणि आजी-माजी अधिकाऱ्यांची संघटना बांधायला लागले. माझ्या मते सत्तेला मतपेट्यांपेक्षा हेच जास्त झोंबलं असणार. मतं मोजायला आपली माणसं बसवता येतात. पण बंदूकधारी माणूस उद्या कोणाचं ऐकेल, हे आदल्या दिवशी कोण सांगणार?

रात्री दहाच्या सुमारास. पार्किंगमध्ये गाडी लावून ते पायी घराकडे निघाले. मोगिल्योव्स्काया रस्त्यावर काही जणांनी त्यांना धरून गाडीत कोंबलं. पाहणारे होते, पण पुढे येऊन नाव सांगायला ते घाबरले. यानंतर झाखारेन्कोंना कोणी पाहिलं नाही. म्हणजे ज्यांनी पाहिलं ते बोलले नाहीत.

८ मेच्या सकाळी घरचे शोधात. ज्या खात्याचे ते काही वर्षांपूर्वी मंत्री होते, त्याच खात्याकडे दाद मागायची होती. गुन्हा नोंदवायला सप्टेंबर उजाडला.

१४ मे. पिस्तूल तुरुंगात परत. नोंद झाली.

१६ सप्टेंबर. पिस्तूल पुन्हा बाहेर. त्याच रात्री समांतर निवडणुकीचे आयुक्त विक्टर गोन्चार आणि त्यांचे मित्र, उद्योजक अनातोली क्रासोव्स्की बेपत्ता. १८ सप्टेंबरला पिस्तूल परत. आता मात्र आल्काएवना आधीची तारीख आठवली.

नोव्हेंबर २०००. गुन्हे शाखेचे जनरल निकोलाय लोपातिक यांनी या तारखा जुळवून अहवाल दिला. विशेष दलाचे दिमित्री पावलिचेन्को यांना अटक झाली, पण लगेच सुटकाही. महाभियोक्ता आणि केजीबीप्रमुख दोघांना घरी बसवण्यात आलं. नवे महाभियोक्ता झाले विक्टर शैमन. लोपातिकांच्या अहवालात त्यांचंही नाव होतं. पुढे आल्काएव वहीची माहिती घेऊन जर्मनीला पोहोचले. सिवाकोव आणि पावलिचेन्को आरोप नाकारत आले.

डिसेंबर २०१९. यूरी गाराव्स्की नावाचा विशेष दलाचा माजी जवान डॉइचे वेलेच्या कॅमेऱ्यासमोर बोलला: अपहरणात मी होतो, झाखारेन्कोंना त्याच रात्री लष्करी तळावर नेलं, पावलिचेन्कोंनी पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या, प्रेत दाहिनीत नेलं.

स्वित्झर्लंडमध्ये त्याच्यावर खटला चालला. स्वतः गुन्हा कबूल करणाऱ्याला २८ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्दोष सोडलं; त्याच्या जबाबांत मेळ नव्हता. झाखारेन्कोंचा देह सापडलेला नाही आणि बेलारूसमध्ये या प्रकरणी एकालाही शिक्षा झालेली नाही.