गिअर पडत नाही!

मराठीत गिअर 'पडतो'. क्लच 'बसतो', इंजिन 'उचलतं', बॅटरी 'उतरते' आणि गिअर मात्र पडतो. हे क्रियापद कोणी शोधलं ठाऊक नाही, पण ज्याने शोधलं त्याने जुनी गाडी नक्की चालवली असणार. दांडी हलवायची, आत कुठेतरी 'खट्ट' असा आवाज होतो, हाताला कळतं की पडला. गॅरेजात तक्रार सांगायलाही हेच तीन शब्द पुरतात. गिअर पडत नाही. पडला तर राहत नाही (म्हणजे सुटतो). पडतो, राहतो, पण ओरडतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांची औषधंही वेगळी, आणि खर्च तर फारच वेगळे.

सध्या आमच्या घराण्यात या विषयाला ऊत आला आहे. लातूरला काकांच्या अंगणात लिंबाखाली १९७४ सालची पद्मिनी उभी आहे. इंजिन चालू होतं, पण गिअर पडत नाही. अर्धी भावंडं म्हणतात भंगारात द्या, गिअरबॉक्स गेला. उरलेली म्हणतात, काकांची गाडी आहे, राहू द्या. 'गिअरबॉक्स गेला' हे निदान मात्र कोणीच बॉक्स उघडून केलेलं नाही! म्हणून म्हटलं, निकाल देण्याआधी या पेटीचा इतिहास नि तिची दुखणी एकदा नीट लिहून काढावीत.

तर मंडळी, मुळात ही पेटी हवीच कशाला? पेट्रोल इंजिनाला फार हळू फिरता येत नाही, आणि हळू फिरताना त्याच्यात जोरही नसतो. बैल उभ्या जागेवरून गाडा ओढतो, इंजिनाला ते जमत नाही. म्हणून मध्ये दातेरी चाकं घालून वेग कमी आणि जोर जास्त करून घ्यायचा. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीने यासाठी सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स वापरात आणला. फिरतं एक चाक दुसऱ्या फिरत्या चाकावर सरकवायचं आणि दातात दात अडकवायचे. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाही तर कर्रर्र.

हा वेग जुळवायची जबाबदारी ड्रायव्हरची. त्यासाठी 'डबल क्लच' आला. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, खालचा गिअर हवा असेल तर एक्सिलरेटरला थोडी ठोकर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. वाचायला वेळ लागतो, पण सवयीचा ड्रायव्हर हे क्षणात करी.

आपल्या भागात ही विद्या कुठून आली? नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. नांदेडला सिकंदराबाद-मनमाड ही मीटर गेज रेल्वे १९०० च्या आसपास आली, तर लातूरला बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ मध्ये पोचली. रेल्वेच्या पलीकडे मात्र बैलगाडी. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच रस्ते वाहतुकीचा विभाग काढला. सुरुवात २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनी झाली. यातल्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्या काळातली एक अल्बियन हैदराबादला जपून ठेवलेली आहे. मुंबई इलाख्यात एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनंतर! मराठवाडा मागास म्हणून ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि १९६१ मध्ये आजचं राज्य परिवहन महामंडळ उभं राहिलं तेव्हा इकडची बससेवाही त्यात मिळाली. गाड्यांचे रंग बदलले, पण जड गाड्यांतला डबल क्लच बराच काळ तसाच राहिला.

मोटारींमध्ये मात्र आधीच एक सुधारणा झाली होती. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. कल्पना साधी आहे. दात अडकण्याआधी एक पितळी कडं गिअरच्या उतरत्या अंगावर घासतं आणि दोघांचा वेग सारखा करतं, मग दात अडकतात. ड्रायव्हरचा डबल क्लच त्या कड्याने स्वतःकडे घेतला. फक्त कडं पितळेचं, म्हणजे ते झिजणार. त्याचं कामच झिजायचं आहे.

आता आपली पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभारला. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट आली, तीच पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, पुढे जायचे चार गिअर. त्यात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला सिंक्रो, पहिल्याला नाही! म्हणून जुने लोक गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नसत. गिअरची दांडी जमिनीत नव्हती, स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटलेली होती. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघं (आणि लग्नसराईत चौघं) बसत.

पण या सोयीची किंमत होती. हाताजवळची दांडी आणि गाडीच्या पोटातला गिअरबॉक्स यांच्यात सळया, सांधे आणि बुशांची एक साखळी आली. प्रत्येक सांध्यात केसभर खेळ वाढला तरी शेवटी तो बोटभर होतो. मग दांडी 'तिसरा' म्हणते आणि पेटीला दुसराच काहीतरी ऐकू येतं. कधी गिअर दोन्हींच्या मध्येच अडकतो. भर चौकात ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडतो, हाताने सळई मोकळी करतो आणि हात पुसत परत बसतो, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एक युग पाहिलं नाही. अँबॅसेडरचीही जुनी दांडी स्टिअरिंगलाच होती.

अशा गाड्या लोक इतकी वर्षं का वापरत? कारण दुसरी मिळत नव्हती. १९५३ नंतर सरकारने टप्प्याटप्प्याने इथेच गाडी बनवणाऱ्यांनाच परवानगी ठेवली. फोर्ड, जनरल मोटर्स निघून गेल्या. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. गाडी जगवणं ही गरज होती, आणि त्या गरजेतून मिस्त्री तयार झाले. मुंबईहून सुटा भाग यायला दिवस लागत, तेव्हा लेथवाल्याकडे बसून पितळेचा बुश कातून घेतला जाई. आमच्याकडच्या गॅरेजात उस्ताद आणि शागीर्द हेच शब्द. शागीर्दाला आधी पाने धुवायला लावत, मग पाने द्यायला आणि सगळ्यात शेवटी ऐकायला शिकवत. पेचकसाचं टोक पेटीवर आणि मूठ कानाला. डॉक्टरच्या नळीचंच काम.

ते काय ऐकत, हे जमेल तसं लिहून ठेवतो. (घरच्यांनी हा भाग दोनदा वाचावा.)

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून. बंद गाडीत सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर एकही पडत नाही, बॅक गिअर तर करकरतो, असं असेल तर पेटी निर्दोष आहे. दोष क्लचचा. पॅडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून आतली चाकं फिरतच राहतात. अनेक दिवस उभ्या गाडीत क्लच प्लेट गंजून चिकटून बसते, तेव्हाही नेमकं हेच होतं.

इंजिन बंद असतानाही दांडी अडते? मग गाडीखाली शिरून सळया सोडवायच्या आणि पेटीवरचा लिव्हर हाताने हलवून बघायचा. तिथे गिअर पडला तर दोष सळया-बुशांचा. हे थोडक्यात होणारं काम.

एकच गिअर करकरतो, बाकी ठीक? त्या गिअरचं पितळी कडं झिजलं. पडलेला गिअर उतारावर एक्सिलरेटर सोडला की सुटतो? माहूरच्या घाटात दुसरा सुटला तर काय होतं त्याची कल्पना करा. तिथे दातांची टोकं गोल झालेली असतात, किंवा गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग दमलेली, किंवा बेअरिंग सैल. जुन्या विलीज जीपच्या तीन गिअरच्या पेटीत दुसरा सुटण्याचा हा आजार जगभर ओळखीचा आहे.

आता आवाज. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पेटीतलं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लचचं बेअरिंग. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घरघर आणि चौथ्यात गाडी शांत, तर खालचा जोडशाफ्ट. कारण चौथ्यात इंजिनाचा जोर सरळ मागे जातो, खालच्या शाफ्टवर भारच नसतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा फार आनंद झाला होता. पेटी न उघडता, फक्त चौथ्यातल्या शांततेवरून आतला रोगी सापडतो!

शेवटी तेल. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्यायचं. सोनेरी चमक म्हणजे पितळी कडी झिजताहेत, ते वयोमानाने चालायचंच. लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे मात्र दातांचे किंवा बेअरिंगचे, तिथे पेटी उतरवावीच लागते. आणि नवं तेल भरताना 'जास्त भारी तेच चांगलं' हा समज सोडावा. मागच्या धुरीसाठी बनवलेल्या कडक तेलांतलं गंधक जुन्या पितळी कड्यांना खाऊ शकतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तेच तेल घालावं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली आणि या विद्येला उतार लागला. दांडी जमिनीत आली, सुटे भाग डब्यात बंद होऊन येऊ लागले. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अँबॅसेडर २०१४ मध्येच बंद झाली होती. नव्या गाडीत यंत्र जोडून दोष वाचता येतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण पद्मिनीला ते यंत्र जोडायला जागाच नाही. तिला कानच लागतो, आणि असे कान असलेले उस्ताद आता सत्तरीच्या घरात आहेत.

दुसरीकडे कायद्याने एक दार उघडलं आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीसाठी काढता येते. १९७४ ची गाडी २०२४ मध्येच या वयात आली. मूळ रूप ही अट आहे, म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन ठोकून चालणार नाही. जुनंच दुरुस्त करावं लागेल.

तेव्हा भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक उस्ताद गाठावा. इंजिन बंद ठेवून दांडी हलवावी, मग सळया सोडवाव्यात, मग तेल काढावं, याच क्रमाने. आणि तो खाली झोपून पेचकस कानाला लावेल तेव्हा घरातल्या एखाद्या पोराने शेजारी झोपून तो काय ऐकतोय ते विचारून घ्यावं. सुटे भाग मुंबईत अजून सापडतात, हे ऐकणं मात्र दुकानात मिळत नाही.